दोरा वजा जाता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सराफाकडं जुनी बोरमाळ किंवा पोत मोडायला नेली की तो काय करतो, ते आठवून पाहा. आधी कात्रीनं दोरा कापतो. मणी ताटलीत ओततो. काळे मणी वेगळे करून तुमच्या हातावर ठेवतो, सोनं काट्यावर टाकतो आणि दोरा केराच्या टोपलीत जातो. पावतीवर लिहिलेलं असतं : मणी व दोरा वजा जाता निव्वळ सोनं इतके ग्रॅम. श्रोतेहो, ही जी वजाबाकी आहे, तिच्यावर आमच्या घरातल्या तीन पिढ्या जगल्या.

आम्ही पटवेकरी. पट म्हणजे रेशीम; रेशमात दागिने ओवणारे ते पटवेकरी. काही गावांत नुसतं पटवे म्हणतात. हे काम करणारे हिंदूंत आहेत, मुसलमानांतही आहेत. सोनार दागिना घडवतो खरा, पण ठुशीचे दाणे, पुतळ्या, एकदाणीचे मणी, डोरल्याच्या वाट्या हे सगळं सोनाराच्या हातून सुटं सुटं बाहेर पडतं. ते गळ्यात बसेल, टोचणार नाही, मागं सरकगाठीनं हवं तसं आखूड-लांब होईल, असं करायचं काम पटवेकऱ्याचं. आपल्याकडं बायका 'पोत गाठवून आणली' म्हणतात. गंठण हा शब्दही या गाठण्यातूनच आला, आणि संस्कृतातला 'ग्रंथ' त्याच कुळातला. मंगळसूत्रात तर नावातच सूत्र आहे. नाव दोऱ्याचं आणि भाव सोन्याचा, अशी ही गंमत आहे.

माझे वडील, अब्बा, लातूरला गंजगोलाईपासून जवळच एका सराफाच्या ओट्यावर बसत. गोलाईची ती दुमजली गोल इमारत १९१७ सालची. तिचा आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं केला. मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनं-चांदी, एकाला चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. अब्बांची जागा अडीच फूट बाय तीन फूट असेल. भाडं नव्हतं. सराफाला सगळे अप्पा म्हणत. अप्पांचं गिऱ्हाईक अब्बांकडं यायचं आणि अब्बांकडं पोत गाठवायला आलेली बाई कधी तरी अप्पांकडं दोन मणी वाढवून घ्यायची. दोघांनी कधी कागद केला नाही.

सामान म्हणाल तर एक पत्र्याची पेटी. तिच्यात सुती आणि रेशमी दोऱ्याची रिळं, जर, मेणाचा गोळा, टकळी, कात्री, आणि केसासारख्या बारीक सुया. अब्बा उजवा पाय लांब करून बसत. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, दुसरं हातात. पाचसहा पदर एकत्र पिळायचे, मेण द्यायचं, मग मणी घ्यायचे. ताण अंगठ्यानं सांभाळायचा. दोरा ढिला पडला तर मणी एकमेकांवर चढतात, फार ताणला तर माळ काठीसारखी ताठ होते आणि मानेवर बसत नाही. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात, त्यांत लाख भरलेली असते. असा मणी चेपला की पुन्हा उभा राहत नाही, म्हणून त्याच्या भोकात सुई जबरदस्तीनं घालायची नाही. एवढं झालं की शेवटी गाठीवर जर गुंडाळायची, गोंडा बांधायचा. अब्बांच्या उजव्या अंगठ्याला दोऱ्याची एक कायमची खाच पडली होती. लहानपणी मी तिच्यात बोट घालून बघायचो.

लोक मला कविसंमेलनात विचारतात, मुसलमान असून तुम्ही मराठीत कसे काय लिहिता? घरात आम्ही दखनी बोलतो हे खरं. पण माझी शाळा तो ओटा होता. औसा, निलंगा, रेणापूरकडच्या बायका यायच्या, पोत सोडवून ठेवायच्या आणि ती होईस्तोवर तासभर बोलत बसायच्या. अब्बांना त्या पटवेकाका म्हणत, म्हाताऱ्या नुसतं 'पटवे'. अब्बा सगळ्यांना माय किंवा अक्का म्हणत. पोत तुटली असं कुणी म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. अब्बाही तेच म्हणत. एकदा मी शाळकरी शहाणपणानं 'तुटली का?' असं विचारलं, तर त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या मांडीला चिमटा काढला. गळा मोकळा ठेवायचा नाही म्हणून तेवढ्या वेळापुरतं बाई दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालायची. तो पिवळा दोरा बऱ्याचदा अब्बांच्याच रिळातला असायचा, त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

आणि ज्या काळ्या काचमण्यांतून डोरलं ओवलं जायचं, त्याच मण्यांतून आमच्या बायकांचा लच्छाही. दखनेतल्या मुसलमान बायका लग्नात काळ्या पोतीचा लच्छा घालतात, हे पुष्कळ मराठी वाचकांना ठाऊक नसतं. मणी एकाच पुडीतले, दोरा एकाच रिळातला. डोरल्यात मधे वाट्या यायच्या, एक माहेरची आणि एक सासरची. लच्छ्यात पदर जास्त यायचे, एवढाच काय तो फरक.

आता इतिहासाकडं वळतो. तेर हे गाव लातूरकरांना परकं नाही. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत आमचा आणि तेरचा जिल्हा एकच होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं टिपण लिहिलं, त्यात तेरचं नाव तगर असं येतं. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात होतं, अशी नोंद त्यात आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी हयातभर गावातल्या जुन्या वस्तू गोळा केल्या. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तिथं आहे. मी तिथं दोनदा गेलो, दोन्ही वेळा मण्यांपाशीच थांबलो. दगडाचे मणी, शंखाचे दागिने. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी दगडाला इतकं बारीक भोक पाडलं, ते भोक जसंच्या तसं आहे. दोरा नाही. कसा असेल? मातीत पहिला जातो तो दोराच. पण भोक आहे म्हणजे ओवणारा होता, एवढं मला संग्रहालयाच्या पाटीवर न लिहिताही कळतं.

सोन्याचा इतिहास तरी कुठं टिकतो म्हणा. राजाचं नाणं टिकतं, देवाचा मुकुट टिकतो. सामान्य बाईचा दागिना दर दोन-तीन पिढ्यांनी मोडला जातो, वितळतो आणि त्याच सोन्याचं दुसरं काही होतं. राहतं ते वहीतलं वजन. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंज म्हणजे त्या वेलीचं लाल बी, डोक्यावर काळा ठिपका असलेलं. अप्पांच्या गल्ल्यात अशा गुंजांची डबी होती. चांदीचा इंग्रजी रुपया बरोबर तोळ्याचा, म्हणून तो वजन म्हणूनही चालायचा. आमच्या निजामी मुलखात मात्र हाली सिक्का. तो वजनाला थोडा हलका, त्यावर चारमिनार. सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव होता. हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर काही वर्षं दोन्ही नाणी चालली, १९५९ साली हाली चलन कायमचं बंद झालं. पण चलनातून गेलेला रुपया गळ्यातून जात नाही. नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं अब्बा दरवर्षी पेटी घेऊन जात. किनवट, माहूर, मुखेडकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायका नाण्यांचे हार घेऊन येत. सोनारानं प्रत्येक नाण्याला कडी लावलेली असायची. एकाच हारात राणी, तिच्यानंतरचे राजे आणि चारमिनार शेजारी शेजारी. त्या बायका स्वतःच कसबी. कवड्या, आरसे, गोंडे सगळं स्वतःच्या हातानं करायच्या. अब्बांकडून त्यांना फक्त पिळाचा जाड दोरा हवा असायचा, आणि तो त्या ओढून, दातांनी चावून बघायच्या. अब्बा म्हणायचे, सगळ्यात कडक परीक्षा माळेगावला असते.

आजोबांची एक गोष्ट घरात फार सांगितली जात नाही. सप्टेंबर १९४८. आधीचे महिने रझाकारांच्या भीतीचे होते, मग पोलीस ॲक्शन झाली आणि तिच्यानंतरचे दिवस आमच्या लोकांच्या भीतीचे. दोन्ही भीती खऱ्या होत्या, एकीनं दुसरी पुसत नाही. आजोबा ज्या खेड्यात होते तिथून त्यांना रातोरात निघावं लागलं. त्या वेळी त्यांच्याकडं गाठवायला आलेले अकरा घरांचे दागिने होते. आजोबांना लिहिता येत नव्हतं. प्रत्येक पुरचुंडीला वेगळी गाठ मारायची आणि गाठीवरून घर ओळखायचं, अशी त्यांची वही. ते नांदेडला आजीच्या भावाकडं आले आणि अडीच महिने त्या पुरचुंड्या ज्वारीच्या कणगीत राहिल्या. मग परत जाऊन त्यांनी दहा घरांत दहा पुरचुंड्या दिल्या. अकराव्या घराचे लोक रझाकारांच्या दिवसांतच कुठं तरी निघून गेले होते, ते आलेच नाहीत. आजोबांनी ती पुरचुंडी गावच्या सराफाकडं ठेवली. सराफानं गाठ सोडली, तोलली आणि वहीत वजन लिहिलं. आजोबांना त्याचं शेवटपर्यंत वाईट वाटत होतं. गाठ सुटल्यावर ती कुणाची ते सांगायला काही उरलं नव्हतं.

अब्बा कामाला लागले आणि थोड्याच वर्षांत सुवर्णनियंत्रण आलं. जानेवारी १९६३. चीनचं युद्ध नुकतंच झालेलं, मोरारजी देसाई अर्थमंत्री. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी. चौदा कॅरेटचं सोनं कडक असतं, त्याला आपल्या बायका सोनं मानतच नव्हत्या. देशभर लाखो सोनारांचा हात बसला, काहींनी जीव दिला. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये गेली, पण १९६८ मध्ये कायदा आला आणि तो थेट १९९० मध्ये रद्द झाला. या काळाबद्दल लिहिलं गेलं ते सोनारांबद्दल, आणि ते योग्यच आहे. पण घडणंच थांबलं तर ओवायचं काय? अब्बांनी दोन-तीन वर्षं पोळ्याचे गोंडे केले. बैलांच्या शिंगांचे, कपाळावरचे. लग्नसराईत मुंडावळ्या. 'बैल दाम कम देता, लेकिन घासाघीस नहीं करता,' असं ते हसून सांगायचे. तेव्हा घरात दिवसातून एकदाच चूल पेटायची, हे मला अम्मीकडून कळलं.

१९७२ च्या दुष्काळात उलटं झालं. काम वाढलं. मी तीन वर्षांचा होतो, हे सगळं ऐकीव. खडी फोडायला जाणाऱ्या बाया ओट्यावर यायच्या, पोत सोडायच्या आणि म्हणायच्या, पटवेकाका, यातले चार मणी काढा, उरलेलं ओवून द्या. ते चार मणी घेऊन त्या दोन पावलं चालून अप्पांच्या दुकानात चढायच्या. महिना-दोन महिन्यांनी तीच बाई पुन्हा यायची, पुन्हा चार मणी. सोनं कमी होत गेलं तशी काळ्या मण्यांची संख्या वाढवून अब्बा पोतीची लांबी राखायचे, म्हणजे गावात दिसायला नको. शेवटी वाट्या राहायच्या, त्या सहसा कुणी मोडत नसे. त्या वर्षी अब्बांनी मजुरी पुढच्या सुगीवर ठेवली. किती जणींनी आणून दिली, असं मी विचारलं, तर म्हणाले, 'मोजा नहीं.' मिलो ज्वारी किती टन आली, किती कामं निघाली, याचे आकडे सरकारी अहवालांत मिळतात. आमच्या जिल्ह्यात त्या वर्षी पोतींतून किती मणी निघाले, याचा हिशेब त्या दोऱ्यांत होता आणि ते दोरे रोज संध्याकाळी अब्बा झाडून टाकत होते.

यापुढचं मी स्वतः पाहिलेलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं. सुमारे आठ हजार माणसं गेली. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली. मी तेव्हा बी.ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो, चार मित्रांबरोबर पाण्याचे कॅन वाहायला गेलो होतो. त्याबद्दल मी कविता लिहिल्या, त्या फार बऱ्या नाहीत. सांगायचं आहे ते ओट्यावरचं. दिवाळीच्या सुमाराला ढिगाऱ्यातून निघालेले दागिने येऊ लागले. मण्यांच्या भोकांत माती बसलेली. अब्बा कोमट पाण्यात रिठे टाकून ते भिजवत आणि सुईनं एकेक भोक मोकळं करत. एके दिवशी किल्लारीकडचा एक माणूस आला, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. त्याच्याजवळ बायकोची पोत होती. दोरा मातकट, एका बाजूनं तुटलेला. अब्बांनी सवयीनं कात्री उचलली. तो म्हणाला, "कापू नका. नुसतं तुटल्या जागी जोडून द्या."

अब्बांनी समजावलं की दोरा कुजलाय, महिनाभर टिकणार नाही, मणी हरवतील.

"घालायचीच कुणाला हाय, काका?" त्यानं पोतीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथं एक ओबडधोबड गाठ होती. मधे कधी तरी पोत वाढली होती आणि बाजाराला यायला जमलं नाही म्हणून बाईनं घरीच मारलेली. "ती गाठ तिच्या हातची हाय. तेवढी राहू द्या."

दुसऱ्याची गाठ आपल्या कामात ठेवणं अब्बांच्या धंद्यात कमीपणाचं. त्यांनी ती ठेवली. तुटल्या जागी स्वतःची गाठ मारली, तिच्यावर जर गुंडाळली नाही. त्या माणसानं पैसे पुढं केले तेव्हा ते पेटीत काही तरी शोधत राहिले.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. नायलॉनचा दोरा आला, तो कुजत नाही, म्हणून बायका दरवर्षीऐवजी पाच वर्षांनी येऊ लागल्या. मग सोन्याच्या तारेत काळे मणी गुंफलेली यंत्रावरची साखळी आली, तिला पटवेकरी लागतच नाही. मी याचं रडगाणं गात नाही. कामाला निघालेल्या बाईला सुटसुटीत पोत हवी असेल, तर तिनं दोऱ्याचे लाड का करावेत? अब्बांनी २००३ मध्ये पेटी बंद केली, डोळ्यांनी साथ सोडली होती. २००६ मध्ये ते गेले. आता सोन्यावर हॉलमार्क सक्तीचा आहे. जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्यानं लागू झाला. एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. त्या क्रमांकावरून कोणत्या सराफानं नोंदवला आणि कुठल्या केंद्रात तपासला, ते कळतं. फसवणूक थांबते, चांगलंच आहे. कुणी घडवला ते मात्र त्यातूनही कळत नाही. नांदेडच्या सराफ्यात माझ्या ओळखीचे एक कारागीर आहेत, चाळीस वर्षं ठुश्या करतात. त्यांना मी हे म्हटलं, तर ते म्हणाले, "नाव कशाला पायजे? बिघडलं की लोक बरोबर माझ्याकडंच येतात."

अब्बा गेले तेव्हा अम्मीनं लच्छा उतरवला आणि अत्तराच्या रिकाम्या डबीत ठेवला. अब्बांनी तो शेवटचा गाठवला होता तो डोळे जायच्या आधी. गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिनं नवा काही नको म्हणून सांगितलं, दादीचाच लच्छा हवा. डबी उघडली तर मणी चांगले होते, रेशीम बोटाला चिकटून तुटत होतं. गाठवल्याशिवाय घालता येणार नव्हता आणि गाठवायचा तर अब्बांचा दोरा कापायला हवा. मी तो आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. अम्मी म्हणाली, "कायकू इत्ता सोचता? उनो खुद हर साल काटते थे."

नांदेडच्या जुन्या बाजारात एक म्हातारे पटवे अजून बसतात. मी डबी पुढं केली. त्यांनी लच्छा पायाच्या अंगठ्याशी धरला, गाठ क्षणभर निरखली आणि कात्री चालवली. मणी ताटलीत पडले. दोरा ते बाजूला सारणार, तेवढ्यात मी तो मागितला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काही विचारलं नाही, कागदाच्या चिठोऱ्यात गुंडाळून दिला. लच्छा व्हायला दीड तास लागला. सात सोन्याचे मणी मधे, बाकी काळे. दोरा नायलॉनचा, पण गोंडा मी हट्टानं रेशमाचा करून घेतला. मजुरीचे त्यांनी दीडशे रुपये सांगितले, मग माझे वडील लातूरला हेच काम करत होते असं कळल्यावर शंभर घेतले.